काकांचा वॉर्ड

सिंगापूरच्या बुकित बातोकमध्ये, बाराव्या मजल्यावर, अंगात गंजीफ्रॉक, डोक्यावर गरगरणारा पंखा आणि तोंडाने ‘यंदा आमच्याकडे बर्फ फार झाला, रस्ते काही टिकायचे नाहीत’ असा उसासा टाकणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायचा. ‘आमच्याकडे’ म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका खेडवळ वॉर्डात. काका तिथे आयुष्यात एकदाच गेले होते, काकूंबरोबर, नऊ दिवस, आणि त्यातले आठ दिवस पावसामुळे खिडकीपाशी बसून काढले होते. तेवढ्या भांडवलावर ते तिथल्या कौन्सिलच्या कारभाराबद्दल ज्या अधिकाराने बोलत, तो अधिकार तिथे पिढ्यानपिढ्या मेंढ्या राखणाऱ्यालाही नसेल. आधीच सांगून टाकते, मला सुरुवातीला या माणसाचा फार वैताग यायचा. लिफ्टमध्ये ते दिसले की आमचे हे मोबाइल कानाला लावून खोटंखोटं बोलायला लागत. मला तेवढं चटकन सुचत नसे, त्यामुळे अकरा मजले मी एकटीच तावडीत सापडायची.

काका इथल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात तीस वर्षं तपासनीस होते. कुठे वेल्डिंगला बारीक चीर आहे, कुठे रंगाखाली गंज धरलाय, हे टॉर्च मारून शोधायचं आणि लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर टॉर्च राहिला आणि जहाजं गेली. सिंगापूरसारख्या गावात अशा माणसाची किती कुचंबणा होते, हे तुम्हाला इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. एकदा आमच्या कॉरिडॉरमधली एक फरशी तडकली. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी तिचे चार बाजूंनी फोटो काढले, फूटपट्टी लावून माप घेतलं, टाऊन कौन्सिलला पाठवायच्या पत्राचा मसुदा मला वाचून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र पाठवायच्या आत दोन कामगार येऊन फरशी बदलून गेले. काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, इथे माणसाला तक्रारीला जागाच ठेवलेली नाही. त्यांच्या त्या वॉर्डात मात्र जागाच जागा होती. तिथल्या कौन्सिलच्या वेबसाइटवर सगळ्या सभांची इतिवृत्तं असत. ती काका छापून आणत आणि खालच्या कॉफीशॉपमध्ये कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची काळी कॉफी, पीत, लाल पेनने खुणा करत वाचत. पुलाच्या अलीकडचा खड्डा, गावातला एकच सार्वजनिक संडास, दवाखान्याच्या गावाला आठवड्यातून दोनदा जाणारी बस, हे सगळं त्यांना आपल्या हाताच्या रेषांसारखं पाठ होतं. खड्डा अखेर बुजवला गेला त्या दिवशी ते आमच्याकडे श्रीखंडाचा डबा घेऊन आले होते. कुणाचं काय झालं, असं मी विचारलं, तर म्हणाले, डांबर पडलं.

त्यांच्या हॉलमध्ये त्या वॉर्डाचा नकाशा भिंतभर लावलेला होता. वॉर्ड आख्ख्या सिंगापूरपेक्षा मोठा आणि मतदार आमच्या आसपासच्या ब्लॉकांत सहज मावतील एवढे. ‘दोन घरांमध्ये तीन-तीन मैल अंतर,’ काका अभिमानाने सांगत, आणि आमच्या शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या त्याच वेळी भिंतीतून ऐकू येत. पण त्यांचा खरा जीव होता तो तिथल्या मतदानाच्या पद्धतीवर. तिथे फुली मारत नाहीत, उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीने एक, दोन, तीन असे आकडे लिहितात. ज्याला पहिले आकडे सगळ्यांत कमी, तो आधी बाद. मग बाद झालेल्याच्या मतपत्रिकांवर दुसरा आकडा कुणाला आहे ते बघायचं आणि ती मतं त्याला द्यायची. असं करत करत तीन जागा भरायच्या. काका ही पद्धत भाजीवाल्यालाही समजावून सांगत. एकदा इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या सहलीचं ठिकाण त्यांनी याच पद्धतीने ठरवायला लावलं. बॉटॅनिक गार्डन, सेंटोसा, ईस्ट कोस्ट, प्राणिसंग्रहालय. त्यात ईस्ट कोस्ट सगळ्यांना चालत होतं, म्हणून सगळ्यांनी त्याला दोन नंबर दिला, आणि ते पहिल्याच फेरीत बाद झालं. ज्याचा कुणालाच राग नाही त्याची पहिल्यांदा गच्छंती, असं हसत हसत सांगून काकांनी आम्हाला सगळ्यांना उन्हात प्राणिसंग्रहालयात पाठवलं. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती इथल्या सिंग्लिशमध्ये म्हणाली, ‘अंकल, नेक्स्ट टाइम जस्ट आस्क लाह.’ काका त्यावरही हसले होते.

हे सगळं वेड कशापायी, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. काकांना एकच मुलगी, मधुरा. इथेच वाढलेली, जनावरांची डॉक्टर व्हायला स्कॉटलंडला गेली आणि त्याच वॉर्डात गुरांच्या एका दवाखान्यात लागली. गाई-मेंढ्यांच्या मागे रानोमाळ हिंडायची. काका निवृत्त झाले त्याच वर्षी काकू गेल्या. आम्ही तेव्हा सुट्टीला भारतात होतो. मधुरा आली, बारा दिवस राहिली, आणि वडिलांना म्हणाली की मी इथेच राहते काही महिने, नाहीतर तुम्ही माझ्याबरोबर चला. काकांनी तिला तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं. आधी तुझं काम, मग मी, असं म्हणाले म्हणे. त्यानंतर दर रविवारी दुपारी चारला, म्हणजे तिच्या सकाळी, फोन. जेवलात का, जेवलो. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. पाऊस आहे का, आहे. दोघंही प्रेमळ, आणि दोघांनाही बोलता येत नाही. तीन मिनिटांत फोन संपायचा. मग एका रविवारी मधुराने सहज सांगितलं की पुलाजवळच्या खड्ड्यात तिची गाडी अडकली. काकांनी त्या खड्ड्याचा माग काढला, कौन्सिलची वेबसाइट सापडली, आणि पुढच्या रविवारी त्यांच्याकडे बोलायला विषय होता. त्या दिवशी फोन वीस मिनिटं चालला. मला हे कळलं तेव्हा लिफ्टमध्ये त्यांना टाळायचं मी बंद केलं.

दोन हजार सतराच्या सुरुवातीला मधुरा निवडणुकीला उभी राहिली. झालं असं, की ती दवाखान्याची बस बंद करायचं कौन्सिलने ठरवलं. गावातली गाडी चालवता न येणारी म्हातारी माणसं त्या बसवर अवलंबून होती, आणि तोपर्यंत अडल्यानडल्याला मधुराच त्यांना आपल्या गाडीत, मागे एखादी आजारी मेंढी आणि पुढे आजारी म्हातारी, असं घेऊन जात होती. कुणीतरी म्हणालं तूच उभी राहा, आणि ती राहिली, अपक्ष. काकांचा त्या दिवसांतला थाट मी विसरणार नाही. त्यांनी इस्त्रीचे शर्ट बाहेर काढले. कॉफीशॉपच्या मालकाला सांगितलं, आमच्या ब्लॉकखाली पत्ते खेळणाऱ्या चिनी आजोबांना सांगितलं, आणि त्या आजोबांनी, काय कळलं देव जाणे, अंगठा वर करून अभिनंदन केलं. रविवारचा फोन आता तासतासभर चालायचा, तोही आमच्या जेवणाच्या टेबलावर, स्पीकर लावून, कारण काकांना श्रोते लागत. मधुराचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. दमलेला, हसरा. कुठल्या घराच्या कुत्र्याने पिशवी फाडली, कोणत्या बाईने चहा पाजून दीड तास बसवून घेतलं, ती सांगायची आणि काका नकाशातली घरं फोनवरून ओळखायचे. काकू गेल्यापासून त्यांना इतकं सुखात मी पाहिलं नव्हतं.

मग तिने पत्रकाचा मसुदा पाठवला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मला एक नंबर द्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या दिवशी झालेलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यात मीही होते.

‘बाळा, हे असं चालायचं नाही,’ काका म्हणाले. ‘लोकांच्या दारात उभं राहून मला पहिलं मत द्या कसं म्हणायचं? त्यांची वर्षानुवर्षांची माणसं आहेत. त्यांचा एक नंबर त्यांना देऊ दे. तू नम्रपणे दुसरा माग.’

‘पण बाबा, सगळे एकच मागतात.’

‘मागू देत. आपण कधी पहिल्या पंगतीला बसलोय का? आणि दुसरी मतं चारी बाजूंनी येतील, बघ तू. पद्धत मला पाठ आहे.’

मधुराने मला विचारलं, ताई, तुम्हाला काय वाटतं. मी म्हणाले, काका म्हणतात ते बरोबर आहे, ते जास्त चांगलं दिसतं. खरंच वाटलं मला तसं. स्वतःच्या तोंडाने स्वतःला पुढे करायचं नाही, जेवायला वाढताना ‘मला नको, त्यांना आधी द्या’ म्हणायचं, हे आमच्या घरातही इतकं मुरलेलं होतं, की पत्रकावर काहीतरी सभ्य छापलं जातंय याचंच मला बरं वाटलं. ज्यांनी सहलीत ईस्ट कोस्ट बाद होताना पाहिलं होतं, त्या आम्हा दोघांपैकी एकालाही ते आठवलं नाही. मधुराने पत्रक बदललं. ‘आपली पहिली पसंती आपण जाणताच. दुसऱ्या पसंतीसाठी माझा विचार करावा.’ आणि ती दीड महिना, मेंढ्यांच्या बाळंतपणाच्या ऐन हंगामात, तीन-तीन मैलांवरच्या दारांत हेच सांगत हिंडली.

मतमोजणी शुक्रवारी होती. त्यांची दुपार, आमची संध्याकाळ. काका सहा वाजताच इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले. मी शिरा केला होता. हे ऑफिसातून लवकर आले, आणि मला आठवतं, त्या दिवशी त्यांनी लिफ्टमध्ये मोबाइल कानाला लावला नव्हता. आठच्या सुमाराला कौन्सिलच्या वेबसाइटवर निकालाचं पान उघडलं. सहा नावं होती, आणि पहिल्या फेरीच्या रकान्यात सगळ्यांत खाली मधुरा. बाद. पुढच्या फेऱ्या काका शेवटपर्यंत बघत राहिले, जसं काही पुढच्या कुठल्यातरी फेरीत तिचं नाव परत येणार होतं. शिरा तसाच राहिला. तासाभराने कौन्सिलने आणखी एक तक्ता टाकला. कुणाला पहिले आकडे किती, दुसरे किती, तिसरे किती. काका तपासनीसच, त्यांनी तो खालपर्यंत तपासला. दुसऱ्या पसंतीच्या रकान्यात सगळ्यांत मोठा आकडा मधुराचा होता. दुसऱ्या कुणाचाही त्याच्या जवळपास नव्हता. जवळजवळ सगळ्या वॉर्डाने तिला दोन नंबर दिला होता आणि ते दोन बघायची पाळी यायच्या आतच ती गेली होती.

तेवढ्यात तिचा फोन आला. आवाज अगदी मोकळा होता. ती म्हणाली, बाबा, वाईट वाटून घेऊ नका, मजा आली. मग म्हणाली, ‘मतदान केंद्राच्या दाराशी एक आजोबा भेटले. बस बंद झाली तर ज्यांचे सगळ्यांत हाल होतील ना, ते. माझा हात धरून म्हणाले, तू सांगितलंस अगदी तसंच केलं हं मी. दोन नंबर लिहिला.’

माझी चूक झाली, काका एवढंच म्हणाले. ती म्हणाली, काही चूकबिक नाही. आणि मग म्हणाली, ‘बाबा, मेंढ्यांचा हंगाम संपलाय. मी येऊ का तिकडे? महिनाभर?’

मी समोर बसले होते. मी काकांचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर ‘ये’ इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं, की मला वाटलं फोनमधून तिला दिसेल.

‘नको नको,’ काका म्हणाले. ‘आधी तुझं काम बघ. माझं काय, मी आहेच.’

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले, वेल्डिंग तपासल्यासारखं. मग म्हणाले, आली असती तर बरं झालं असतं. मी जरा रागानेच म्हणाले, मग म्हणायचं होतं ना ये म्हणून. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना कुणाच्या घरात शिरून काही उचलून आणायला सांगत होते. तसं कसं म्हणायचं, म्हणाले. शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली, आणि वर गेले.

त्यानंतरही त्यांनी वॉर्ड सोडला नाही. निवडून आलेल्या तिघांना अभिनंदनाची पत्रं पाठवली, आणि त्याच पत्रांत बसचा विषय काढला. बस बंद झालीच. नकाशा भिंतीवर राहिला, इतिवृत्तं छापून येत राहिली, पण लाल पेन मी त्यांच्या हातात फारसं पाहिलं नाही. रविवारचे फोन पुन्हा लहान होत गेले. दोघंही एकमेकांची समजूत घालायचे आणि त्यामुळे बोलायचे नाहीत. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी, सकाळी कॉफीशॉपमधून परत येताना काका लिफ्टपाशी बसले आणि उठले नाहीत. पत्ते खेळणाऱ्या त्या आजोबांनी अॅम्ब्युलन्स बोलावली, आणि मी खाली पोचेपर्यंत ते काकांचा हात हातात घेऊन बसले होते.

मधुरा दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत पोचली. फोनवरच्या आवाजावरून मी तिला उंच समजले होते. ती काकूंएवढीच, लहानखुरी निघाली. हातांवर जनावरांचे ओरखडे. सगळं पार पडल्यावर एका दुपारी ती आमच्याकडे आली, त्याच टेबलाशी बसली, आणि तिने मला सरळ विचारलं.

‘ताई, मी यावं असं बाबांना कधी वाटायचं का? मी दर वेळी विचारलं. ते दर वेळी नको म्हणाले. शेवटी मला वाटलं, त्यांना एकटंच राहायला आवडतं.’

मी तिला त्या शुक्रवारचं सांगितलं. फोन ठेवल्यावर ते काय म्हणाले, तेही. ती रडली, आणि मीही रडले, पण माझ्या रडण्याचं कारण वेगळं होतं. तिचा नंबर निवडणुकीपासून माझ्या मोबाइलमध्ये होता. बापाला तू हवी आहेस, एवढा एक निरोप मला त्याच संध्याकाळी पाठवता आला असता. दीड वर्ष होतं हातात. मी पाठवला नाही, कारण मला वाटलं, बाप-लेकीच्या मध्ये आपण कशाला बोला. मी हे तिच्यापाशी कबूल केलं. ती माझ्या हातावर हात ठेवून बसली, आणि मला क्षमा मिळाली का नाही, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

नऊ दिवसांनी तिला सोडायला मी चांगी विमानतळावर गेले. फ्लॅट रिकामा झाला होता, इथे तिचं आता कुणी उरलं नव्हतं. आत जायच्या दारापाशी ती वाकून नमस्कार करायला लागली, तेव्हा ‘जमेल तेव्हा ये गं, तुझं काम आधी’ हे शब्द अगदी सवयीने माझ्या ओठांवर आले. ते मी गिळले. तिचे दोन्ही खांदे धरून म्हणाले, पुढच्या दिवाळीला तू यायचंस, मला तू इथे हवी आहेस. बोलताना माझे कान गरम झाले होते. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मान हलवली, आणि आत गेली. ती येईल का, ते मला ठाऊक नाही. वरच्या फ्लॅटमध्ये नवे लोक आलेत.